कासमचाचा आणि स्पीकरमधली घूं

कासमचाचा विजेच्या कुठल्याही वस्तूला आधी हाताची पाठ लावत. फ्रिज असो, पंखा असो, अँप्लिफायरचा पत्रा असो. बोटं आत मिटलेली, हात उलटा, आणि तवा तापला का ते बघावं इतका हलका स्पर्श. तळहात लावला आणि करंट असला तर मूठ आपोआप मिटते, माणूस चिकटून राहतो. पाठ लावली तर हात मागे झटकला जातो. हे त्यांनीच मला सांगितलं. डावा हात तेवढ्या वेळात लेंग्याच्या खिशात असे. दोन्ही हात एकदम कामाला लावलेले मी त्यांना फार कमी वेळा पाहिलं. स्क्रू घट्ट बसला असला तरी एकाच हाताने झटत राहायचे, घाम पुसायलाही तोच हात.

मुरुडच्या बाजारात, मासळीकडून एस.टी. स्टँडकडे येताना त्यांचं दुकान होतं. रेडिओ, टेप, टीव्ही, आणि अलीकडे मोठे स्पीकर आणि त्यांचे अँप्लिफायर. तरुणपणी बरीच वर्षं मस्कतला होते. परत आल्यावर हेच काम धरलं. काम चोख होतं, पण गावात त्यांना भित्रा कासम म्हणत. तोंडावर म्हणत. ते म्हणायचे, "हां, भित्रा आहे. म्हणून तर अजून आहे."

आमच्या वाडीतल्या शाळेच्या गॅदरिंगला एकदा त्यांचा माईक होता. पाहुणे येऊन बसले, मुलं रंगवलेली तोंडं घेऊन रांगेत उभी, आणि चाचा माईक देईनात. स्पीकरमधून बारीक घूं येत होती. पाऊस नव्हता, पण मंडपाच्या खाली कोणी सडा घातला होता, जमीन ओली होती. चाचांनी माईकला हाताची पाठ लावली आणि मागे सरकले. हेडमास्तर म्हणाले, चाचा, थोडा आवाज आला तर आला, बिघडत नाही. चाचांनी सरळ मेन बंद केलं आणि वायर उकलायला बसले. पाहुण्यांनी बिनमाईकचं भाषण केलं. मागच्या बायकांना एक शब्द ऐकू आला नाही आणि वाडीभर चाचांची चेष्टा झाली. मीही हसले होते.

आमच्या घरी ते आले तो फाल्गुन महिना होता. आमचे हे दिघीला बंदरावर कामाला आहेत. सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीने पलीकडे जातात, संध्याकाळी येतात. त्यांना गाण्यांचं वेड. काशीदच्या एका लॉजवाल्याने सामान बदललं तेव्हा त्याचा जुना अँप्लिफायर आणि दोन कमरेएवढे स्पीकर ह्यांनी घरी आणले. टीव्हीला जोडले. आवाज असा की ताटं थरथरत. पावसाळाभर सगळं छान चाललं. थंडी सरली तशी त्यातून घूं यायला लागली. मेकॅनिक लोक तिला हमिंग म्हणतात. गाणं बंद असलं तरी घूं चालूच. गाभाऱ्यात कोणीतरी एकच सूर धरून बसलंय असं वाटायचं. मला त्या खोलीत एकटीला बसवेना.

शेजारच्या सुरेशने उपाय सांगितला. अँप्लिफायरच्या तीन पायांच्या प्लगमधला वरचा जाड पाय काढून टाका, घूं बंद होईल. ह्यांनी पक्कड घेऊन तो पाय उपटला, आणि घूं खरंच बंद झाली. सुरेश चहा पिऊन ऐटीत गेला. पंधरा दिवसांनी एक स्पीकर फाटल्यासारखा वाजायला लागला, म्हणून रविवारी कासमचाचांना बोलावलं. ते आले स्पीकरसाठी, पण प्लग हातात घेतल्याबरोबर त्यांचं लक्ष त्या उपटलेल्या पायाच्या भोकाकडे गेलं.

"हा कोणी काढला?"

ह्यांनी सांगितलं, घूं येत होती, आता येत नाही.

चाचा खाली बसले. ते दमले म्हणून बसले असं मला आधी वाटलं. मी पाणी आणलं, तर त्यांनी तांब्या न पिताच बाजूला ठेवला. ह्यांना ते म्हणाले की हा पाय जमिनीचा. पेटीच्या पत्र्यात करंट उतरला तर तो या पायातून जमिनीत जातो. आता तो पत्र्यातच राहील, कोणी हात लावेपर्यंत. ह्यांनी हसून म्हटलं, चाचा, पंधरा दिवस हात लावतोय, काही झालं नाही. चाचांनी वर बघितलं.

"घूं होती ती कशाची होती? ती कुठे गेली, सांगा मला."

मग चाचांनी पिशवीतून नवा प्लग काढून लावला आणि अँप्लिफायर चालू केला. घूं परत आली. चाचा स्पीकरसमोर फरशीवर मांडी घालून डोळे मिटून बसले. मग म्हणाले, घूं जाडी आहे. बारीक, करकरीत असली तर पेटीच्या आतला दोष. ही जाडी आहे, ही बाहेरून येतेय. टीव्हीची वायर काढली, थोडी कमी झाली. फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, फरक नाही. ह्यांना विचारलं, दिवसात कधी वाढते? हे म्हणाले, तशीच असते. सुरेश दारात येऊन उभा होता, तोही म्हणाला तशीच असते.

चाचांनी विचारलं, "घरात दिवसभर कोण असतं?"

मी आणि सासूबाई, हे म्हणाले.

"मग तुम्हाला कशाला विचारतोय मी." असं म्हणून ते माझ्याकडे वळले. "बाय, तू सांग."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. परक्या पुरुषांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तेव्हा तर अजिबात नाही. मी भिंतीकडे बघून सांगितलं की सकाळी विहिरीवरची मोटर लावली की घूं वाढते. मोटर बंद केली की उतरते. हे म्हणाले, तू कधी बोलली नाहीस. मला कोणी विचारलं नव्हतं.

चाचांनी मान हलवली, दोनदा. मग त्यांनी मला मीटरजवळ उभं केलं. आमचा मीटर मागच्या पडवीत, तिथून परसाचं दार दिसतं. मेन स्विचच्या दांड्यावर माझा हात ठेवायला लावला आणि सांगितलं, मी ओरडलो की खाली ओढायचा, कशाला म्हणून विचारायचं नाही. ह्यांना मोटर चालू करायला विहिरीवर पाठवलं. स्वतः स्पीकरसमोर जाऊन बसले, टेस्टर घेऊन.

मोटर चालू झाली. घूं चढली. पडवीतूनही मला ती पायाखालून ऐकू आली.

आता एक गोष्ट लिहायला हवी जी मी तेव्हापर्यंत कोणाला सांगितली नव्हती. परसात आमची वाळवणाची तार आहे. आधी ती दोन माडांना बांधलेली होती. वादळात एक माड पडला. मग मी तिचं एक टोक जमिनीतून वर आलेल्या लोखंडी पाईपला बांधलं. तो पाईप घर बांधलं तेव्हापासून भिंतीलगत होता, छातीइतका उंच, त्याला एक जाड वायर गुंडाळलेली. मला वाटलं, नळाचा जुना पाईप असेल. थंडीत त्या तारेवर मी बोंबील वाळवत असे, मिठाचं पाणी पाईपच्या बुडाशी गळत राही. बोंबील संपले की नुसते कपडे. आणि थंडी सरल्यापासून कपडे टाकताना माझ्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या होत्या. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अंगात रक्त न्हाय तुझ्या, बीट खा." मी महिनाभर बीट खात होते.

दांड्यावर हात ठेवून मी उभी होते, घूं चढत होती, आणि मला एकदम कळलं की त्या मुंग्याही मोटर चालू असतानाच येतात. एरवी कधी येत नाहीत. सकाळी मोटर लावून मी कपडे धुते आणि ती चालू असतानाच वाळत टाकते.

त्याच वेळी सासूबाई मोरीतून बाहेर आल्या. डोक्याला पंचा, पाय अनवाणी. त्यांनी आयुष्यात पायात चप्पल घातली नाही. मी निदान रबरी चप्पल घालायचे. हातात पिळलेलं लुगडं, ते झटकून त्या तारेकडे चालल्या होत्या. कपडे धुण्याच्या दगडाभोवती सगळं ओलं. मी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. खरंच आला नाही. त्यांनी तार खाली ओढायला हात वर केला.

चाचा ओरडले नव्हते. मी दांडा ओढला.

घूं थांबली. मोटर थांबली. सासूबाई मटकन खाली बसल्या, लुगडं चिखलात. माझा हात दांड्यावरून सुटेना. हे धावत आले, चाचा आतून आले. सासूबाई म्हणाल्या, "काय चावलं रं मला? खांद्यापातूर गेलं." मग रडायला लागल्या. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर पांढरे डाग उठले होते. मी ओढलेला दांडा आणि त्यांचा हात यात किती वेळ गेला हे मला आजही सांगता येणार नाही. एखादा श्वास असेल.

चाचांनी तार बघितली, पाईप बघितला. माझ्याकडे वळून विचारलं, ही कोणी बांधली? मी म्हटलं, मी. हे माझ्याकडे बघत राहिले. चाचांनी विचारलं, "हा पाईप कसला ते तुला कोणी सांगितलं होतं?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"मग हिच्याकडे काय बघता," ते ह्यांना म्हणाले.

तो घराचा अर्थिंगचा पाईप होता. घरातल्या सगळ्या तिसऱ्या पायांचा करंट तिथून जमिनीत जायचा. चाचांनी मेन चालू करण्याआधी मोटरची वायर काढून टाकली, मग एका बल्बचं एक टोक चालू वायरला आणि दुसरं त्या पाईपला लावून दाखवलं. जमीन चांगली असती तर बल्ब लख्ख लागला असता. तो विझत्या निखाऱ्यासारखा नुसता लाल झाला. पाईपभोवतीची जमीन सुकून खडखडीत झाली होती. पावसात ठीक, बोंबलांच्या मिठाच्या पाण्याने थंडीतही ठीक, पुढे कोरडी. आणि मोटरमधून करंट गळत होता. जमिनीत जायला वाट नाही म्हणून तो पाईपवर, तारेवर, पेटीच्या पत्र्यावर येऊन बसलेला. स्पीकर तेच सांगत होते, ह्यांनी पाय उपटेपर्यंत.

सुरेश कधी निघून गेला कोणाला कळलं नाही.

मी चहा केला. चाचांना कप धरता येईना, त्यांनी बशीत ओतून फरशीवर ठेवला आणि वाकून प्यायले, लहान मूल पितं तसे. सासूबाई पलंगावर पडून होत्या, त्यांच्याकडे बघत बघत ते बोलले. मस्कतला ज्या दुकानात ते काम करायचे तिथे त्यांच्या खोलीत राहणारा एकजण होता, दिघीकडचाच, नुकतं लग्न झालेला. एका सकाळी दुकानातल्या मोठ्या पेटीतून जाडी घूं येत होती. चाचांनी ती ऐकली. पण शेठ समोर उभा होता, गिऱ्हाईक होतं, आणि चाचा नवीन होते. दुपारी त्या सोबत्याने पेटी दोन्ही हातांनी उचलली. तो उभाच राहिला, पेटी छातीशी धरून. चाचांना वाटलं, मस्करी करतोय.

"मी हसलो त्याला," चाचा म्हणाले.

त्या दिवसापासून मी त्यांना हसले नाही.

दुसऱ्या दिवशी ते परत आले. भिंतीपासून दूर खड्डा खणून घेतला, लाकडी कोळसा आणि जाडं मीठ थरावर थर टाकून नवा पाईप पुरला, तोंडाला मातीचं फुटकं मडकं बसवलं. होळीनंतर पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला दोन कळश्या पाणी यात ओतायचं काम मला दिलं. मीटरजवळ करंट गळला की आपोआप पडणारं बटण बसवलं. वाळवणाला नायलॉनची दोरी आणून दिली, ती त्यांनी स्वतः दोन्ही टोकांना लाकडालाच बांधली. जाताना मला म्हणाले, बाय, हे लोक घरात नसतात, तू असतेस. काही ऐकलंस तर मला कळव, कोण काय म्हणेल ते बघू नकोस.

त्यानंतर दर वर्षी चैत्रात ते आमच्याकडे यायचे. न बोलावता. एस.टी.तून फाट्यावर उतरायचे, उन्हातून चालत यायचे, मडक्याखालच्या पाईपला बल्ब लावून बघायचे. मग अँप्लिफायर चालू करून, आवाज शून्यावर ठेवून, स्पीकरसमोर बसायचे. मलाही बसवायचे. सासूबाईही येऊन बसत. काही वाजत नाही, तिघं दोन खोक्यांकडे तोंड करून गप्प. एकदा गॅसचा सिलिंडरवाला आला आणि दारातून आमच्याकडे बघून हळूच मागे सरला. चाचांना त्याचं एवढं हसू आलं की डोळ्यांत पाणी आलं. एवढं हसताना मी त्यांना तेव्हा एकदाच पाहिलं. "काही नाही," ते शेवटी म्हणायचे, आणि माझ्याकडे बघायचे. मीही म्हणायचे, काही नाही. मग ते उठायचे. मुरुडपासून आमच्यापर्यंत अशी त्यांची तेरा घरं होती, जिथे त्यांना कधीतरी दोष सापडलेला. तेराही घरं ते चैत्रात फिरायचे.

गेल्या चैत्रात आले नाहीत. वैशाखात मी बाजाराला गेले तेव्हा दुकानात डोकावले. टेबलावर कुठल्यातरी लॉजचा अँप्लिफायर उघडा होता, समोर एक स्पीकर. चाचा वाळले होते. मी हाक मारली ती त्यांना दुसऱ्यांदा ऐकू गेली. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात म्हणाले, बरं झालं आलीस, जरा ऐक. संध्याकाळी न्यायला येणार आहेत.

मी बसले. बाहेर रिक्षा, मासळीवाल्या, सगळा गलका, पण त्याच्या खालून ती येत होती. जाडी. मला ऐकायला कान द्यावा लागला नाही.

चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना ती ऐकू येत नव्हती. पेटीत ती नसेलच, असं त्यांना वाटत होतं. नाही म्हणावं असं माझ्या फार मनात आलं. त्यांचे ते डोळे बघवत नव्हते. मग मला दिसलं की ही पेटी ज्या लॉजमध्ये जाईल तिथे फरशी पुसायला एखादी बाई असेल, ओल्या हातांची.

"आहे, चाचा."

"खरंच?"

"आहे. जाडी आहे."

त्यांनी प्लग काढला. लॉजवाल्याला फोन लावून सांगितलं की पेटी दुसऱ्या कोणाकडे न्या, माझ्याकडून होणार नाही, आणि तोपर्यंत लावू नका. दोनदा सांगितलं. फोन ठेवला आणि बसून राहिले. मला वाटलं, आता दुकान बंद करायचं म्हणून वाईट वाटतंय. ते वाईट वाटणं नव्हतं. त्यांचा चेहरा सासूबाई पडल्या त्या दिवशी झाला होता तसा होत गेला.

"मागच्या वर्षी चैत्रात तुमच्याकडे मी काही नाही म्हटलं," ते म्हणाले. "तेव्हा काही नव्हतं ना?"

मी म्हटलं, नव्हतं, मीही ऐकलं होतं.

"तुझ्याकडे तू होतीस." थोडं थांबून म्हणाले, "बाकीच्या बारा घरी मी एकटाच ऐकत होतो."

त्यांनी एका खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर नावं लिहायला घेतली. घराचं नाव, आणि पुढे घरात दिवसभर असणारी बाई कोण, ते. एक नाव आठवेना तर कपाळावर पेन मारत बसले. मी म्हटलं, चाचा, उद्या जा. ऊन आहे. त्यांनी ऐकलं नाही, किंवा त्यांना ऐकू आलं नसेल.

त्यानंतर दोन महिन्यांत ते गेले, झोपेत. त्यांच्या बायकोने, हलीमाचाचींनी, मला तो पुठ्ठा दाखवला. दहा नावांपुढे खूण होती. उरलेल्या दोन घरी मी गेले. कशी गेले, काय बोलले, ते मला लिहिता येणार नाही.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच वैशाखात, त्याच दुपारी. माझी एस.टी. स्टँडवरून सुटून गावाबाहेर निघाली होती. रस्त्याकडेच्या एका घराच्या पायरीवर चाचा उभे होते, पुठ्ठा काखेत धरून. दारात एक तरुण बाई पदर तोंडाशी धरून उभी. आतून तिने काहीतरी चालू केलं असावं, कारण दोघांनीही माना घराच्या आत वळवल्या होत्या. मग चाचांनी तिच्याकडे बघून काही विचारलं. ती लाजली, तिने खाली बघितलं. चाचांनी पुन्हा विचारलं. ते तिच्या ओठांकडे बघत होते. गाडी वळली तोवर तिने उत्तर दिलं नव्हतं.